आपला काटा आपल्याकडे

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी साडेआठला धुळ्याहून मामांचा फोन आला. शनिवारी या वेळेला मामांचा फोन म्हणजे एकतर कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर नेट गेलेलं असतं.

"काय करी राहिना रे भो?"

"काही नाही मामा, झोपलो होतो."

"ऊठ मग. तू इंजिनिअर ना? मग सांग, ही पोरं माझं तीन हजार जीबी सोळा-सतरा दिवसांत खातात कशी?"

मामांची देवपूरला अभ्यासिका आहे. नव्वद खुर्च्या. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, जी जाहिरात येईल तिची पोरं. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याकडून आलेली, खोली करून राहणारी. लेक्चर सगळे रेकॉर्डेड, म्हणजे नेट बंद तर अभ्यास बंद. प्लॅन २०० एमबीपीएसचा, 'अनलिमिटेड', आणि खाली बारीक अक्षरात ३३०० जीबी. सतरा तारखेच्या आसपास स्पीड कोसळतो, की पोरं कुरकुरतात आणि दोन-चार जण समोरच्या अभ्यासिकेत जातात. जाताना फीसुद्धा घेऊन जातात.

मामांनी तोवर दोन गोष्टी ठरवून टाकल्या होत्या. एक, मागच्या रांगेतली तीन पोरं सिनेमे बघतात असा त्यांना संशय होता; त्यांना काढून टाकायचं. दोन, गावातल्या एका कॉम्प्युटरवाल्याने 'मॉनिटरिंग सोल्युशन'चं कोटेशन दिलं होतं, वर्षाला अठ्ठावीस हजार, ते घ्यायचं. त्यात म्हणे कोण कुठली साइट बघतं ते नावानिशी दिसतं, मोबाईलवर रंगीत आलेख येतो, वगैरे वगैरे.

मी म्हटलं, "मामा, दोन्ही थांबवा. दोन आठवडे द्या मला."

आता हे सगळं मी इथे का सांगतोय? कारण मामांनी जे केलं तेच आपण सगळे करतो. आपण म्हणजे तुम्ही-आम्ही, हिंजवडीत नाहीतर बंगळुरूत बसून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर लक्ष ठेवणारे. बँडविड्थ मोजायची म्हटलं की आपण आधी टूल शोधतो, मग त्या टूलला झेपतील असे प्रश्न शोधतो. आणि आरोपी तर त्याच्याही आधी शोधून ठेवलेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे. बहुतेक ठिकाणी, घर असो, अभ्यासिका असो, कॉलेज असो की पन्नास माणसांचं ऑफिस असो, महागड्या देखरेखीची गरज नसते. गरज असते ती एका साध्या, कंटाळवाण्या, न चुकता लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीची. आणि ती नोंदवही ज्याचं बिल आहे त्याच्या हातात असायला हवी.

हे मला पुस्तकात वाचून कळलं नाही. जळगावला कळलं, आणि फार उशिरा कळलं.

जळगावजवळच्या एका कॉलेजात मी होतो. (नाव सांगत नाही. ओळखणारे ओळखतील.) २०१७ ची गोष्ट. ऑफिसात शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरणं चालू होतं आणि सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळात नेट अक्षरशः मुंगीच्या पावलाने चालायचं. मीटिंग झाली. निष्कर्ष पाच मिनिटांत निघाला: होस्टेलची पोरं टोरंटवरून सिनेमे उतरवतात. पुरावा? पुरावा काही नाही. पण ते सगळ्यांना 'माहीतच' होतं. दुसऱ्या दिवशी होस्टेलचं नेट तोडलं. तीन महिने.

आता खरं बोलायचं तर होस्टेलची पोरं सिनेमे उतरवत होतीच. मीही उतरवले. पण रात्री आठ ते बारा. सकाळी अकरा ते तीन आम्ही वर्गात असायचो, निदान हजेरीपुरते तरी. एवढी साधी गोष्ट कुणी विचारात घेतली नाही, कारण तास आणि आकडा यांची जोडी कुणाकडेच नव्हती. आमच्याकडेही नव्हती! आम्ही निवेदन लिहिलं, "आम्ही नाही केलं" म्हणून. त्या निवेदनाला काडीची किंमत नव्हती. कागदावर एकीकडे साहेबांचं 'माहीत आहे' आणि दुसरीकडे पोरांचं 'नाही हो'. यात कोण जिंकतं ते सांगायला नको.

माझा रूममेट यावल तालुक्यातला. त्याचे वडील दुसऱ्याच्या केळीच्या बागेत कामाला. त्याच्याकडे मोबाईल होता, पण साधा. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, नोकऱ्यांचे ऑनलाइन अर्ज, सगळं तो तीन महिने महामार्गापलीकडच्या सायबर कॅफेत जाऊन करायचा, तासाला वीस रुपये देऊन. रात्री ट्रकांच्या मधून रस्ता ओलांडून परत यायचा. एका कंपनीच्या ऑनलाइन परीक्षेची मेल त्याने दोन दिवस उशिरा वाचली. ती नोकरी त्याला लागलीच असती असं मी म्हणत नाही. परीक्षाच देता आली नाही, एवढंच म्हणतो.

मग उलगडा कसा झाला? आमच्या लॅबमध्ये एक असिस्टंट सर होते. त्यांना कुणी मीटिंगला बोलावत नसे. त्यांनी भंगारातलं एक मशीन उचललं, लिनक्स टाकलं, दोन लॅन कार्डं घातली आणि लॅब आणि मुख्य लाइन यांच्या मधे ठेवलं. वर व्हीएनस्टॅट. हे व्हीएनस्टॅट म्हणजे काय, तर तेमू तोइवोला नावाच्या फिनलंडच्या माणसाने लिहिलेला एक छोटासा प्रोग्राम, २००२ पासून चालत आलेला. तो पॅकेट उघडून बघत नाही. लिनक्सचं कर्नल प्रत्येक लॅन कार्डमधून किती बाइट आत आले आणि किती बाहेर गेले याचा आकडा स्वतःच ठेवत असतं. व्हीएनस्टॅट तो आकडा अधूनमधून वाचतो, फरक काढतो आणि तासाच्या, दिवसाच्या, महिन्याच्या खात्यात टाकतो. बस्स. त्या वेळच्या आवृत्तीत तासावारी आकडे शेवटच्या २४ तासांचेच राहायचे. म्हणून सरांनी रोज रात्री ते एका फाइलीत उतरवून घ्यायची सोय केली होती. एका ओळीचं क्रॉन. खर्च शून्य.

दोन आठवड्यांची फाइल समोर ठेवल्यावर आंधळ्यालाही दिसलं असतं. रोज सकाळी लॅब उघडली की आकडा उसळायचा आणि दुपारी लॅबला कुलूप लागलं की बसायचा. रविवारी शांत. लॅबमध्ये सव्वाशे मशीन होती आणि सगळ्यांवर असं सॉफ्टवेअर होतं की मशीन बंद करून चालू केलं की ते जसंच्या तसं मूळ स्थितीत येतं. पोरांनी काही बिघडवू नये म्हणून. सोय चांगलीच आहे. पण ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट चालू ठेवले होते! म्हणजे रोज सकाळी सव्वाशे मशीन तेच अपडेट उतरवायला घ्यायची, आणि संध्याकाळी बंद झाली की ते पुसलं जायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला पाढा. रांजणाला तळ नाही आणि कॉलेज पाणी भरतंय. शिक्षा मात्र होस्टेलला.

सरांनी अपडेट बंद केले. अर्ज धडाधड जाऊ लागले. होस्टेलचं नेट परत आलं. माफी कुणी मागितली नाही. उलट पुढच्या वर्षी कॉलेजने एक महागडी फायरवॉल पेटी घेतली, 'रिपोर्टिंग'सकट. तिच्यात सविस्तर नोंद सात दिवसांची राहायची, आणि वर्षभराने लायसन्सचं नूतनीकरण राहिलं तेव्हा रिपोर्टचं पान उघडेनासं झालं. भंगारातलं मशीन चालूच होतं.

असो. आता तात्पर्याकडे.

आमचे काका चोपड्याकडचे. कापूस जिनिंगला न्यायच्या आधी ते वाटेतल्या एका तिऱ्हाइताच्या भुईकाट्यावर गाडी चढवतात, पैसे देऊन वजन करतात, पावती खिशात घालतात. पुढे व्यापाऱ्याच्या काट्यावर वजन होतंच. दहातल्या नऊ वेळा दोन्ही सारखी येतात आणि खिशातली पावती बाहेर निघतच नाही. मी एकदा विचारलं, "काका, मग पैसे कशाला घालवता?" ते म्हणाले, "पावती भांडायला नसते रे. भांडण होऊ नये म्हणून असते."

काका दहावी नापास आहेत. आणि आपण बी.ई. झालेले लोक इंटरनेटच्या बाबतीत काय करतो? माल पुरवणाराच काटा लावतो, तोच वाचतो, तोच बिल फाडतो, आणि आपण 'माय अकाउंट'च्या पानावरचा आकडा वेदवाक्य मानतो. नाहीतर दुसरं टोक: 'चोर आहेत साले' म्हणून शिव्या घालतो. दोन्हीकडे आपल्याजवळ पावती नसते.

मोजायची सवय आपल्याला नव्हती असंही नाही. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचं डेटावन आलं. तेव्हाच्या व्याख्येनुसार (२००४ चं ब्रॉडबँड धोरण) २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड! त्या काळातल्या ५०० रुपयांच्या घरगुती प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतलं डाउनलोड मोजलं जात नसे. माझा मोठा चुलतभाऊ रात्री दोनचा गजर लावून उठायचा, डाउनलोड लावायचा आणि आठच्या आत उठून बंद करायचा. महिन्याचे किती एमबी उरले हे त्याला तोंडपाठ असायचं. मी तेव्हा दुसरीत होतो. तो देवघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी, एमबी लिहायचा हे मला चांगलं आठवतं.

मग 'अनलिमिटेड' आलं आणि ती सवय मोडली. पण शब्द बदलला म्हणून मर्यादा गेली नाही. ट्रायने २०१६ मध्ये सांगितलं की मर्यादा संपल्यावरही वायरवरच्या ब्रॉडबँडचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका, आणि ग्राहकाला ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर कळवा. (२०२३ पासून ब्रॉडबँडची व्याख्याच २ एमबीपीएस झाली आहे.) म्हणजे मर्यादा असते हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. साधं गणित करा. २०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २५ एमबी. या वेगाने ३३०० जीबी संपायला लागतात १,३२,००० सेकंद, म्हणजे साडेछत्तीस तासांच्या थोडं वर. महिनाभराच्या 'अनलिमिटेड'मध्ये पूर्ण वेगाचे तास एवढेच. बाकीचे दिवस आपण कमी वापरतो म्हणून पुरतं. किती कमी, हे मात्र मोजत नाही.

आता टूलकडे येतो. टूल निवडायचं कसं? माझ्या मते बाजारात जायच्या आधी स्वतःला चार प्रश्न विचारावेत.

पहिला: मला 'आत्ता' बघायचंय की 'मागचं' बघायचंय? ही दोन वेगळी कामं आहेत आणि नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. आत्ता लाइन कोण खातंय ते बघायला आयएफटॉप आहे, कुठला प्रोग्राम खातोय ते बघायला नेटहॉग्स आहे. दोन्ही उत्तम. पण खिडकी बंद केली की गेलं सगळं. स्पीड टेस्टचंही तेच. त्या एका मिनिटात, त्या एका सर्व्हरपर्यंत काय झालं तेवढंच ती सांगते. भांडण मात्र नेहमी मागच्याचं असतं. "गेल्या मंगळवारी अकरा वाजता काय झालं?" याला उत्तर फक्त नोंद देते. म्हणून आधी नोंद ठेवणारं टूल, मग बघणारं.

दुसरा: काटा कुठे लावायचा? लॅपटॉपवर मोजाल तर लॅपटॉपचं कळेल. बिल सगळ्या घराचं येतं. काटा वेशीवर हवा, जिथून सगळी वाहतूक जाते तिथे. राउटर ओपनडब्ल्यूआरटी चालवणारा असेल तर व्हीएनस्टॅट त्यावरच बसतं. मायक्रोटिकवाल्यांना आलेख आतच मिळतात. पण जळगाव-धुळ्याकडे एक गोष्ट विसरू नका: लाईट. बऱ्याच छोट्या राउटरवर नोंद रॅममध्ये राहते. मे महिन्यात बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्रीत दुपारी लाईट गेली, की लाइनबरोबर पुरावाही गेला. शिवाय लाईट आल्यावर कर्नलचा मोजणारा आकडा शून्यापासून सुरू होतो. टूलला हे समजायला हवं. व्हीएनस्टॅटला समजतं. एखाद्याने दहा मिनिटांत लिहिलेल्या स्क्रिप्टला समजत नाही आणि मग वजाबाकीतून भलतेच आकडे निघतात. नोंद डिस्कवर जाते का, आणि रीस्टार्टनंतर खातं नीट जुळतं का, हे पहिल्याच दिवशी वायर उपटून तपासा. खरंच उपटा.

तिसरा: मला दिसतोय तो आकडा आहे की सरासरी? यावर जरा थांबतो, कारण इथे भलेभले फसतात.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावाने ते उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमवले, कारण त्यांचा भर अस्सल पत्रांवर होता. घटनेच्या वेळी, घटनेतल्या माणसाने लिहिलेला कागद आणि नंतर कुणीतरी रचून लिहिलेली बखर यांचं वजन त्यांनी कधी सारखं मानलं नाही. मला विचाराल तर नेटवर्कचे बहुतेक रंगीत आलेख या बखरी आहेत.

उदाहरण देतो. या सगळ्या प्रकाराचे आजोबा म्हणजे एमआरटीजी. तोबियास ओएटिकरने १९९५ मध्ये इंग्लंडातल्या लेस्टरच्या डी मॉन्टफोर्ट विद्यापीठात असताना ते प्रसिद्ध केलं. तिथे हजारावर कॉम्प्युटर एका ६४ केबीपीएसच्या लाइनवर होते! पुढे त्यातूनच १९९९ मध्ये आरआरडीटूल आलं आणि आज कितीतरी टूलच्या पोटात तेच आहे. त्याची खुबी अशी की फाइल कधी वाढत नाही. पण का वाढत नाही? कारण एमआरटीजीच्या पद्धतीत पाच मिनिटांचे आकडे साधारण दोनच दिवस राहतात. मग त्यांची अर्ध्या तासाची सरासरी होते, ती दोन आठवडे टिकते. मग दोन तासांची, ती दोन महिने. मग पूर्ण दिवसाची, दोन वर्षं. जागा वाचते, हे छानच. पण समजा पाच मिनिटं लाइन काठोकाठ भरली होती आणि बाकी दिवस रिकामी. दोन महिन्यांनी त्या दिवसाचा आलेख काय दाखवेल? २८८ वा भाग. एक सपाट रेघ. आमच्या लॅबचे सकाळचे चार तास रविवारच्या आणि रात्रीच्या शांततेत असेच विरघळले असते, आणि तोच आलेख दाखवून कुणीही म्हटलं असतं, "बघा, लाइन तर रिकामी आहे."

आणि काही वेळा आलेख सरळ चुकतो. स्विच आणि राउटरकडून एसएनएमपीने आकडे विचारताना जुना ३२ बिटांचा मोजणारा वापरला, तर तो सुमारे ४.२९ अब्ज बाइटला पुन्हा शून्यावर येतो. जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यासारखा. १०० एमबीपीएसची लाइन भरून वाहत असेल तर ही फेरी पावणेसहा मिनिटांत पुरी होते, २०० ला तीन मिनिटांच्या आत. टूल दर पाच मिनिटांनी वाचत असेल तर मधली अख्खी फेरी गायब! आलेख सुंदर, आकडा खोटा. ६४ बिटांचा मोजणारा वापरला की प्रश्न मिटतो. पण कोटेशन देणाऱ्याला हे विचारून बघा. मी मामांच्या कॉम्प्युटरवाल्याला फोनवर विचारलं. तो म्हणाला, "सर, आपल्याकडे सगळं ६४ बिटच आहे, विंडोजपण." बरं.

चौथा प्रश्न, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा: मला वाहतूक मोजायचीय की माणसं? 'कोण कुठली साइट बघतं' हे विकणारा तुम्हाला बँडविड्थचं टूल विकत नाही, चहाडी विकतोय. मामांचा प्रश्न 'जीबी कुठे जातात' हा होता. त्याला नव्वद पोरांच्या ब्राउझिंगची यादी कशाला हवी? त्यात कुणाचा आजार असेल, कुणाची नोकरीची धडपड, कुणाचं लग्नाचं. हे एकदा दिसायला लागलं की नजर हटत नाही, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. शिवाय २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. अशी यादी जमवणं म्हणजे उद्याची जबाबदारी आज विकत घेणं. बाइट मोजा. बाइटला नाव-गाव नसतं, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

आता कुणी म्हणेल, तू स्वतः कंपनीत ग्राफाना-प्रोमिथिअस चालवतोस आणि इथे साधेपणाची प्रवचनं देतोस. मान्य. दोनशे स्विच असतील, दहा इमारती असतील, तर झॅबिक्स नाहीतर लिब्रेएनएमएस लागेलच. कुठलं मशीन कुणाशी बोललं हे सुरक्षेसाठी शोधायचं असेल तर नेटफ्लो लागेल, एनटॉप लागेल. आणि संस्थांना तर नोंद ठेवणं आता ऐच्छिकही नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सात दिवसांच्या पेटीचं काय करायचं ते ज्याने त्याने ठरवावं. माझा राग मोठ्या टूलवर नाही. प्रश्न न विचारता मोठं टूल आणलं, ते लावायला तीन शनिवार घातले, चौथ्या शनिवारी कंटाळा आला, आणि सहा महिन्यांनी डिस्क भरून ते बंद पडलेलं कुणाला कळलंही नाही, या प्रकारावर आहे. (होय, माझ्याच घरात. हसा.)

तर धुळ्याचं काय झालं?

मामांच्या जुन्या कॉम्प्युटरला दुसरं लॅन कार्ड बसवलं. लिनक्स, व्हीएनस्टॅट. आताच्या आवृत्त्या नोंद एसक्यूलाइटमध्ये ठेवतात आणि तासावारी आकडेही हवे तितके दिवस ठेवायला सांगता येतं, तेव्हा क्रॉनचीही गरज नाही. अकराव्या दिवशी मामांचा फोन. आवाज चढलेला. "बघ! आपल्या काट्यावर २०४९, कंपनीच्या पानावर २२१०! चोर लेकाचे!"

मी म्हटलं, "मामा, थांबा. आपला काटा १०२४ च्या पटीत मोजतो, त्यांचा १००० च्या." २०४९ ला १.०७४ ने गुणलं की आले साधारण २२००. फरक अर्ध्या टक्क्याचा. कंपनी चोर नव्हती. आपली नोंद होती म्हणून तिलाही खोटं ठरवता आलं नाही, हेही चांगलंच झालं. कंपनीचे ५० आणि ९० टक्क्यांचे मेसेजही व्यवस्थित येत होते, फक्त मामांच्या बंद पडलेल्या जुन्या नंबरवर.

मग तासावारी आकडे उघडले. रात्री अकराला अभ्यासिका बंद होते. रात्री तीन वाजता दाराला कुलूप, आत चिटपाखरू नाही, आणि तासाला साडेपाच जीबी बाहेर जातायत. आत येत नाहीत, बाहेर जातायत! एकला तेवढेच, दोनला तेवढेच, पहाटे पाचला तेवढेच. सिनेमा बघणारं पोर असं एका लयीत बघत नाही.

"मामा, कॅमेरे किती आहेत?"

"सहा. मागच्या दिवाळीत बसवले. पोरांवर लक्ष ठेवायला."

सहा कॅमेरे, प्रत्येकी २ एमबीपीएसने, चोवीस तास क्लाउडवर चित्रण पाठवत होते. एक कॅमेरा महिन्याला ६४८ जीबी. सहांचे ३८८८. एकट्या कॅमेऱ्यांना ३३०० चा कोटा पुरत नव्हता; पोरांचं लेक्चर म्हणजे वरची कोथिंबीर. मामांच्या प्लॅनमध्ये जाणारं आणि येणारं, दोन्ही मोजलं जातं. चित्रण आता अभ्यासिकेतल्याच डिस्कवर जातं, आणि हालचाल झाली तेवढंच वर पाठवलं जातं. मागच्या रांगेतली तीन पोरं जागेवर आहेत. त्यातला एक तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतो. त्याला हा सगळा प्रकार झाला हे माहीतही नाही.

अठ्ठावीस हजारांचं कोटेशन मामांनी परत केलं. मी त्यांना अजून एक करायला लावलंय. महिन्याचा तासावारी आलेख छापून अभ्यासिकेच्या दारावर, फीच्या पत्रकाशेजारी. एमआरटीजीचा पहिला आलेखही वेबवर टाकला होता, लाइन वापरणाऱ्यांना तिची स्थिती बघता यावी म्हणून. सामायिक लाइनचा हिशेब एकाच्याच कपाटात राहिला की संशयाचा गिऱ्हाईक तोच ठरवतो. आमच्या कॉलेजात तसा कागद फलकावर असता तर होस्टेलचं नेट तोडायच्या मीटिंगमध्ये निदान एकाने तरी विचारलं असतं, "पण साहेब, ही उसळी तर सकाळची आहे?"

परवा रूममेटला हे सगळं फोनवर सांगितलं. तो आता नाशिकला आहे, बरं चाललंय त्याचं. हसला आणि म्हणाला, "तेव्हा तो कागद असता ना, साठ-सत्तर दिवसांचे सायबरचे पैसे वाचले असते भो." परीक्षेचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही.

या शनिवारी दुसरं काही करू नका. तुमच्या वेशीवर एक मोजणारा बसवा. टूल लावायचा कंटाळा असेल तर राउटरच्या पानावरचा आकडा रोज रात्री वहीत उतरवा, तारीख आणि वेळ घालून. देवघरातल्या कॅलेंडरवर लिहिलात तरी चालेल. पावती खिशात असू द्या, म्हणजे झालं.